डेलच्या गोळ्या

“डेलच्या बंदुकीच्या गोळ्या आहेत, शंभर. लेप चढवून दे. आणि नेहमीसारखा महिना लावू नकोस,” असं म्हणत डेलच्या बायकोने, लोइसने, डबा मर्लच्या कामाच्या टेबलावर ठेवला. “पोरगी यंदा एल्क हरणाच्या शिकारीला जातेय. बापाच्याच गोळ्या हव्यात तिला.”

काडतुसात भरण्याआधी गोळ्यांवर कोरड्या वंगणाचा लेप चढवायचं काम मर्ल तीस वर्षं करत होता. मोंटानाच्या त्या खोऱ्यातलं अर्धं गाव त्याच्याकडेच येई. आधी गोळी नीट धुवायची. बोटांचं तेल राहिलं तर तिथे लेप धरत नाही.

“काल कोर्टात सही केली,” लोइस म्हणाली. “आता कायद्यानं मेला तो.”

मर्लने डबा जवळ ओढला. सात वर्षांपूर्वी डेल डोंगरात गेला तो परतलाच नाही. शोधपथकाचा प्रमुख मर्ल होता. नवव्या दिवशी बर्फ पडायला लागलं आणि त्यानेच माणसं खाली आणली.

दुपारी त्याने गोळ्या धुतल्या, वाळवल्या आणि हातमोजे घालून वंगणाच्या काळ्या भुकटीसोबत फिरत्या डब्यात घोळवल्या. बाहेर काढल्या तेव्हा त्या पेन्सिलीच्या शिशासारख्या करड्या झाल्या होत्या. पण प्रत्येकीवर लेप न धरलेला, खालच्या तांब्याचा एक ठिपका उघडाच होता. त्याने भिंग लावलं. अंगठ्याचा ठसा, मधून तिरपी रेघ गेलेला. डेलचा अंगठा करवतीने चिरला होता तेव्हा मर्लनेच तो बांधला होता.

जुनं तेल मुरलं असेल, असं स्वतःला समजावत त्याने सगळ्या पुन्हा धुतल्या. या वेळी सोबत स्वतःच्या सीलबंद डब्यातल्या पाच कोऱ्या गोळ्या टाकल्या.

त्या पाचही गोळ्यांवर तोच ठसा आला.

लोइस डबा न्यायला आली तेव्हा त्याला खोटं बोलवेना. त्याने भिंग पुढे केलं. ती बराच वेळ बघत राहिली.

“घरी खिडक्यांवर पण असतात हे ठसे,” ती म्हणाली. “बाहेरच्या बाजूनं. मी पुसून टाकते. कुणाला सांगणार?”

“कधीपासून?”

“तू पथक खाली आणलंस ना, त्या दिवसापासून.”

मर्ल स्टुलावर बसला. “अजून दोन दिवस थांबता आलं असतं, लोइस. मी घाबरलो होतो.”

“माहितेय मला. तेव्हाच माहीत होतं.” तिने डबा उचलला. “राहू दे अशाच. पुन्हा धुऊ नकोस.”

ती निघाली. बाहेर पडल्यावर तिने दार क्षणभर तसंच धरून ठेवलं, मागून अजून कुणी यायचं असल्यासारखं, आणि मग हलकेच लावून घेतलं.