उजव्या फेऱ्याचा बैल

हैदराबादची पोलीस ॲक्शन होऊन बारा वर्षे उलटली होती. पौष सरत आला होता. त्या सोमवारी सकाळी बिडकीनचा सांडू तेली सरदार ड्रायव्हरच्या ट्रकमध्ये पुढे बसला होता, आणि सिल्लोडच्या पलीकडचा रस्ता त्याच्या थकलेल्या नेत्रांसमोरून मागे सरकत होता. दोन्ही अंगांना करडई फुलली होती. मध्येच जवसाच्या निळ्या पट्ट्या अशा दिसत होत्या, की जणू कोणी ओली लुगडीच वाळत घातली आहेत. सृष्टीची ती शोभा खरोखर अवर्णनीय होती. परंतु सांडूचे चित्त शोभेकडे नव्हते.

"इथं तेलाचे पाच घाणे व्हते, सरदारभाई."

"नाना, तुम्ही हर गावाला हेच बोलून राहिले. पाच व्हते, सात व्हते! आता काय हाय ते सांगा की."

"आता फुलं हायेत," सांडू म्हणाला आणि पुन्हा बाहेर पाहू लागला.

पूर्वी या मुलखात वेशीपाशी आले, की घाण्याची करकर आधी कानी पडे आणि कोंबड्याचे आरवणे नंतर. आता करडई ट्रकांत भरून औरंगाबादच्या मिलकडे जात असे, आणि ती वाहून नेणाऱ्यांत सरदारही एक होता. त्यात त्याचा दोष तो काय?

सांडूचा घाणा मात्र दिवाळीपर्यंत फिरत होता. दिवाळीत बैल गेला. घाण्याला साधा बैल चालत नाही. डोळ्यांवर झापडं बांधताच कोणी न हाकता दिवसभर गोल फिरेल, असाच लागतो. असा बैल जिल्ह्यात शोधून मिळेना. अखेर मुलाने, बद्रीनाथने, मिलच्या फाटकावर राखणदाराची जागा बापासाठी बोलून ठेवली. बुधवारी सकाळी हजर व्हायचे होते. इतक्यात सोयगावचा कडूबा घाणा मोडून मुलाकडे जळगावला निघाल्याची वार्ता आली. त्याचा बैल मिळाला तर घाणा, न मिळाला तर फाटक, अशी सांडूच्या जिवाची कोंडी झाली होती.

अजिंठ्याचा घाट उतरून दुपारच्या सुमारास ते सोयगावी पोहोचले. कडूबा ओट्यावर बसला होता. बैल अंगणात, बंद पडलेल्या घाण्यापाशी उभा होता. रंगाने बांडा, खांद्याने भरलेला, शांत.

"उजव्या फेऱ्याचा हाय," कडूबा म्हणाला. "पर पाव्हणं, आज सोमवार."

सांडूचा चेहरा उतरला. तो शनिवारी तेली. शनिवारी त्याने चाळीस वर्षांत घाणा जुंपला नव्हता. परंतु घाटाखालचे तेली सोमवार पाळतात, ही गोष्ट निघण्याच्या घाईत त्याच्या ध्यानीच आली नाही. आणि पाच फेरे पाहिल्यावाचून घाण्याच्या बैलाचे दावे हाती घ्यायचे नाही, हा तर दोघांचाही रिवाज.

"अहो, घाणा तर मोडला ना तुम्ही!" सरदार म्हणाला. "मग सोमवार कशाला?"

"घाणा मोडला. सोमवार नाय मोडला," कडूबा शांतपणे उत्तरला. "उद्या या."

"उद्या? मला सांजच्याला औरंगाबादला माल भरायचा हाय!"

तेवढ्यात कडूबाची बायको साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. "रिकामाच जुंपा की," ती नवऱ्याला म्हणाली. "दाणा नाय टाकायचा. देवाला काय कळतंय?"

"तुला कळतंय ना? बास झालं मग."

"माझं नाव कशाला घेता? बैल खाटकाकडं गेला म्हंजी देव येईल व्हय सोडवाया?"

कडूबाने एकवार बैलाकडे पाहिले. मग तो जड पायांनी उठला आणि त्याने खुंटीवरचे जू काढले. ते कपाळाला लावून त्याने देवाची माफी मागितली. सांडूने पुढे होऊन जू धरले.

"ठिवा ते," तो म्हणाला. "शनवारी माझ्या दारी कुणी आलं असतं, तर म्या बी जुंपला नसता. तसाच नेतो. निघाला खोटा, तर माझं नशीब."

बैलाला ट्रकमध्ये चढवताना तो फळीवर पाय ठेवीना. अखेर साळूबाईने झापडं आणून बांधली. डोळे झाकताच तो गरीब गायीसारखा वर चढला, आणि ट्रक निघताक्षणीच फिरू लागला! कोणी जुंपले नाही, कोणी हाकले नाही. दाव्याच्या लांबीइतका उजवा फेरा, पुन्हा उजवा फेरा. पाठीमागे बसलेल्या सांडूने पाच मोजले, सात मोजले, आणि उपरण्यात तोंड लपवले.

परंतु फर्दापूर गाठेपर्यंत ट्रक नावेसारखा हेलकावत होता. घाटाच्या तोंडाशी सरदारने ब्रेक दाबला.

"नाना, हा घाटात आपल्याला दरीत घालील! सोडा त्याची पट्टी."

झापडं सोडली. समोरचे डोंगर पाहून बैल असा बिथरला, की त्याने बाजूच्या फळ्यांवर धडका घेतल्या.

"उतरवू दोघं मिळून," सांडू म्हणाला. "म्या पायी आणतो याला."

"पायी? बिडकीनपर्यंत? चार-पाच मुक्काम लागतील, नाना. उद्याचा मंगळ, मग बुध. बद्रीला काय सांगू?"

सांडूने सरदारच्या मदतीने बैल फळीवरून खाली उतरवला. त्याचे गुडघे ठणकत होते, कंबर धरली होती. ट्रकची ऊबदार बैठक एकदा त्याने डोळे भरून पाहिली.

"सांग, फाटकाची जागा दुसऱ्याला द्या म्हणावं. आन् घाण्याच्या लाटेला तेल लावून ठिव म्हणावं."

"तुम्ही लई अडेल माणूस हाय," सरदार म्हणाला. परंतु त्याने आपल्या भाकरीचे फडके काढून सांडूच्या हाती दिले आणि मगच गाडी सुरू केली.

ट्रकचा आवाज वळणावर विरला. सांडूने दावे मनगटाला गुंडाळले. उन्हात घाट पिवळा पडला होता. बैल चालू लागला, पण सरळ चालणे त्याला ठाऊकच नव्हते. चार पावले जाताच तो उजवीकडे, डोंगराच्या अंगाला वळू पाही. सांडू त्याच्या उजव्या बगलेला आला. आपला खांदा त्याच्या खांद्याला लावून त्याने बैलाला रस्त्यावर लोटले. चार पावलांनी पुन्हा लोटले. पहिल्या वळणाआधीच त्याला दोनदा दगडावर बसावे लागले.