बिघाड माझ्यात नव्हता

मी रेडिओ बोलतोय. बोलतोय म्हणालो खरा, पण सारा जन्म माझा ऐकण्यातच गेला. दुसऱ्याचं बोलणं वाऱ्यावरून झेलायचं आणि समोर बसलेल्याच्या कानात घालायचं, एवढंच काम. स्वतःचं म्हणून एक अक्षर कधी काढलं नाही. आज काढतोय, कारण आता थकलोय. आणि माझ्यावर एक आळ आला होता, तो पोटात ठेवून मला जायचं नाही.

गाणी-बातम्या लावायचा रेडिओ असतो ना, तसला मी नव्हे बरं. सरकारचा परवाना काढून, आपापल्या घरात बसून, दूरदूरच्या माणसांशी हौसेनं बोलणारे लोक असतात. त्यांच्या कामाचा मी. माझ्या पोटात काचेचे व्हॉल्व्ह आहेत, एकेक अंगठ्याएवढा. बटण दाबलं की लगेच बडबडणारी आजची यंत्रं वेगळी. मला आधी तापावं लागतं, चुलीवर तवा तापतो तसं. नीट तापलो नाही तर माणसाचं बोलणं बदकाच्या ओरडण्यासारखं येतं.

जन्म माझा परमुलखातला. मोठी लढाई चालू होती तेव्हा पलटणीसाठी मला घडवलं. पोलादी पेटी, वर काळा रंग, पुढं ही मोठाली चाकं. लढाई संपली आणि माझं काम संपलं. कुठंकुठं फिरत सिकंदराबादच्या एका गोदामात येऊन पडलो. धूळ खाल्ली, उंदरांनी वायरी कुरतडल्या. शेवटी भंगारात निघालो. तिथं एका तारमास्तराची नजर माझ्यावर पडली.

ते श्रीपतराव. गाव राजेश्वर, नोकरी हुमनाबादच्या पोस्टात, तारेची कटकट ऐकून मजकूर उतरवायची. कान असा की दोन खोल्या पलीकडं कोण तार पाठवायलाय ते हाताच्या ठेक्यावरून सांगायचे. मला गोधडीत गुंडाळून बसच्या टपावर टाकलं आणि गावी आणलं. उतरवायला दोन माणसं लागली. दारात त्यांची नवी नवरी उभी होती, चंद्रभागाबाई. तिनं माझ्यावरून भाकर-तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "एवढं जड कामून हाय हो? आत जवारी भरलीय का काय?"

तेव्हापासून मी या घरचा.

श्रीपतरावांनी माळवदापासून लिंबाच्या झाडापर्यंत एक तार ओढली. तिच्यावरून माझ्यात आवाज यायचे. बोलायचा डबा वेगळा होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं बनवला. ऐकायचं मी, बोलायचं त्यानं. आम्हा दोघांत कधी भांडण झालं नाही. भांडण झालं ते गल्लीचं. बायका त्या तारेवर लुगडी वाळत घालायच्या आणि माझा आवाज बसायचा. चंद्रभागाबाई ओरडायची, "अगं बसव्वा, काढ ते लुगडं! तुझ्या लुगड्यापायी ह्येंचं सोलापूर बंद पडलंय!"

दर रविवारी सकाळी हजेरी असायची. कलबुर्गीच्या डाळ मिलचे बसवंतप्पा हजेरी घ्यायचे. उदगीर, भालकी, सोलापूर, हैदराबाद, जिथं जिथं असा हौशी माणूस असेल त्याचं नाव पुकारायचं आणि त्यानं आवाज द्यायचा. कन्नड, मराठी, दखनी, सगळी खिचडी. पाऊस कसा आहे, तुरीला शेंगा किती लागल्या, कुणाच्या लेकीचं लगीन ठरलं. हजेरीला कुणी आलं नाही की त्याच दिवशी कुणीतरी त्याच्या घरी जाऊन यायचं. पुढं घरोघरी फोन आले, मग खिशात फोन आले, पण ही हजेरी काही मोडली नाही.

चंद्रभागाबाई कधी माझ्यापुढं बसली नाही. ती चुलीपाशी. पण कान माझ्याकडं. बोलणाऱ्यांतल्या एकाचंही तोंड तिनं पाहिलं नव्हतं, तरी कुणाला खोकला झालाय आणि कुणाचं घरात बिनसलंय, हे तिला भाकरी थापता थापता कळायचं.

एक गोष्ट मात्र तिची पक्की. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. बँकेत साहेबानं विचारलं, तर शेजारी उभ्या असलेल्या बाईला कोपरानं ढोसून सांगायची, "तू सांग की गं." बोलावायचं झालं तर "अहो", नाहीतर बांगड्या वाजवायच्या. सून आली, मंजुश्री. ती फोनवर नवऱ्याला सरळ नावानं हाक मारायची. चंद्रभागाबाई तिला काही बोलली नाही. पण स्वतःची जीभ तिनं कधी वळवली नाही.

आता माझ्या आळाचं सांगतो.

दोन दिवाळ्यांमागची गोष्ट. श्रीपतराव माझा आवाज वाढवायला लागले. आधी थोडा, मग अर्धा, मग चाक पुढं सरकेना इतका. मी आपला ओरडतोय. माझं बोलणं गल्लीच्या तोंडापर्यंत जायला लागलं. आणि हे म्हणतात, "म्हातारा झालाय ह्यो. आवाजच फुटेना त्याचा."

मंजुश्रीनं एकदा सुचवून पाहिलं. "मामंजी, एकदा बीदरला कान दाखवून येऊ या का?"

"माझ्या कानाला काय धाड भरलीय? तीस-पस्तीस वर्सं तारेवर बसलाव मी. ह्येचे व्हॉल्व्ह गेलेत, व्हॉल्व्ह!"

मग माझी वारी सुरू झाली रामलिंगच्या दुकानाची. बसवकल्याणला त्याचं रेडिओ-टीव्हीचं दुकान. मला टमटममध्ये घालून न्यायचं, खड्ड्याखड्ड्यातून. त्यानं मला उघडलं, सगळं तपासलं, वाजवून पाहिलं. दुकानापुढून जाणारी माणसं दचकून थांबली. रामलिंग डोकं खाजवत चंद्रभागाबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "अक्का, ह्येच्यात बिघाड न्हाई की. घुमायलाय बगा कसा."

"म्हाईत हाय मला."

"मग कामून आणलाव?"

"त्यांनी आणलंय. मी काय करू? तू दोन दिस ठेवून घे, अन् दुरुस्त केला म्हण."

"अक्का, कान अण्णाचा गेलाय, अन् पोट ह्येचं फाडायचं?"

"हळू बोल की रे!" असं म्हणून ती स्वतःच थांबली. चार हातांवर श्रीपतराव उभे होते, पाठमोरे, आणि त्यांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं.

असा मी किती वेळा गेलो-आलो. दर खेपेला माझं एखादं चांगलं अंग काढून दुसऱ्याचं बसवलं जायचं. कर्णा बदलला. जुने व्हॉल्व्ह काढून नवे घातले, ते माझ्या जुन्यांच्या पासंगालाही पुरेनात. माझा ट्रान्सफॉर्मर आधीच थकलेला, आता तो तापला की मेणासारखा वास येतो. पण मला राग येत नव्हता. हे चाक श्रीपतरावांनी पन्नास वर्षं फिरवलंय. त्यांच्या बोटांना मी कसा कळतो ते मला ठाऊक आहे. तीच बोटं आता चाचपडत होती.

तिकडं हजेरीत वेगळाच गोंधळ. नाव पुकारलेलं श्रीपतरावांना ऐकू येईना, म्हणून हे मधेच बोलायचे. दुसऱ्याच्या बोलण्यावर यांचं बोलणं. लोक जुनं माणूस म्हणून गप्प बसायचे. बसवंतप्पा तर दोन-दोनदा, तीन-तीनदा नाव पुकारायचे. एक नवा पोरगा चिडून म्हणाला, "उन्का सेट खराब है तो हजेरी में आते कायकू?" ते घरभर ऐकू गेलं. चुलीपाशी बाईचा हात पिठात तसाच राहिला. हे मात्र तोंडावर हसू ठेवून बसलेले, पुढच्या नावाची वाट बघत.

मग तो रविवार आला. मी व्यवस्थित तापलो होतो. हवा निर्मळ होती, आवाज असे येत होते की माणूस शेजारी बसलाय. बसवंतप्पांनी पुकारलं, "श्रीपतराव अण्णा, राजेश्वर. आवाज द्या."

हे गप्प.

"श्रीपतराव अण्णा, हैत का घरी? तब्येत बरी हाय का?"

मी जीव तोडून सांगत होतो. खिडकीतली चिमणी उडाली. श्रीपतरावांनी चाक इकडं फिरवलं, तिकडं फिरवलं, माझ्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. मग बोलायच्या डब्याचा माईक उचलला, त्याचं बटण दाबलं आणि म्हणाले, "आज कुणीच न्हाई वाटतं. सगळे गेले का काय कुठं? ह्या मेल्या डब्यात तर जीवच न्हाई ऱ्हायला."

बटण दाबलेलंच होतं. सगळ्या मुलखाला ते ऐकू जात होतं.

चंद्रभागाबाई आली. पिठाचे हात तसेच. "अहो, बोलवायलेत की तुमाला." यांचं लक्ष नाही. तिनं बांगड्या वाजवल्या. नाही. "अहो! बसवंतप्पा हाक मारायलेत!" यांची मान माझ्याकडंच, आणि हात पुन्हा माझ्या डोक्यावर मारायला उचललेला.

तिनं तो हात वरच्यावर धरला. त्यांच्या कानापाशी तोंड नेलं आणि ओरडली, "श्रीपतराव! अहो श्रीपतराव! तुमाला पुकारायलेत! डब्यात सगळा जीव हाय! ऐकू तुमाला येईना झालंय!"

श्रीपतराव वळले. ऐकलेल्यापेक्षा जास्त त्यांनी तिच्या तोंडाकडं बघितलं. आपलं नाव तिच्या ओठांवर त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं असेल. त्यांचं बोट बटणावरून सुटलं.

मग माझी पाळी. पण माझ्यातून नुसती खरखर. उदगीर गप्प, सोलापूर गप्प. तो चिडका पोरगाही गप्प. शेवटी बसवंतप्पांचा आवाज आला, घसा खाकरून. "अक्का, तुमचा आवाज पाच-नऊ आला बरं." पाच-नऊ म्हणजे आमच्यात सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात जोरदार आवाज. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. पण त्यात टवाळी नव्हती.

चंद्रभागाबाईनं पदर तोंडाला लावला.

"काय म्हणायलेत?" श्रीपतरावांनी विचारलं. आवाज लहान झाला होता.

"मला हसायलेत."

"कधीपास्नं?"

"आत्ताच की."

"ते न्हाई. माझं."

ती त्यांच्या कानाशी वाकली. "दोन दिवाळ्या झाल्या."

ते माझ्याकडं बघत राहिले. "अन् ह्यो?"

"ह्यो धड हाय."

त्यांनी मला बंद केलं. कुणाचा निरोप न घेता. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

पुढचे रविवार मी कापडाखाली काढले. त्यांना बीदरला नेलं, कानात घालायचं यंत्र आणलं. त्यानं भांड्याचा आवाज येतो, कुत्र्याचा येतो, माणसाचे शब्द मात्र एकमेकांत गुंततात. माझ्या खरखरीपुढं तर त्याचा काही इलाज चालत नाही. श्रीपतराव ओसरीवर बसून राहायचे. मंजुश्री म्हणाली, "मामंजी, नसंल लागत तर ही पेटी रामलिंगकडं देऊन टाकू का? जागा अडलीय." मला वाटलं, चला, संपलं. खरं सांगतो, वाईट वाटलं नाही. अंग जड झालं होतं.

चंद्रभागाबाई म्हणाली, "त्यांनाच इचार. अन् जोरात इचार."

मंजुश्रीनं जोरात विचारलं. श्रीपतराव उठले, कापड काढलं आणि मला चालू केलं. मी तापेपर्यंत ते अंघोळ करून आले. बाईला म्हणाले, "पाट घे अन् हितं बस."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"तुला समदं कळतंय. बस."

ती बसली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्या समोर. नाव पुकारलं गेलं तेव्हा तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. श्रीपतरावांनी माईक उचलला आणि म्हणाले, "मी राजेश्वरहून श्रीपतराव. मंडळी, माझे कान गेले. संच चांगला हाय. मी उगंच त्याला नावं ठेवली. तुमी बोलत जा, घरचे ऐकून मला सांगतील. बोलायचं मीच, परवाना माझा हाय. वेळ लागंल. चालंल का?"

बटण सोडून ते माझ्याकडं न बघता तिच्या ओठांकडं बघत बसले.

बसवंतप्पा म्हणाले, "चालंल की अण्णा."

तिनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "चालंल म्हणायलेत." आणि ती तेवढंच सांगून थांबली नाही. "गळा भरलाय त्येंचा," म्हणाली.

आता दर रविवारी असंच. लोक एक वाक्य बोलतात आणि थांबतात. जी माणसं एकमेकांचं बोलणं तोडायची, ती आता राजेश्वरसाठी थांबतात. तो चिडका पोरगा तर सगळ्यात सावकाश बोलतो. त्या थांबण्यात माझ्यातून नुसती हलकी खरखर येते.

मी किती दिवस टिकेन ठाऊक नाही. ट्रान्सफॉर्मरचा वास आता रोज येतो. रामलिंग म्हणाला, जळला तर तसला दुसरा कुठं मिळायचा नाही. नाही तर नाही. मी पुरेसं ऐकलंय. पण मी आहे तोवर एवढं करा. रविवारी सकाळी कधी या घरी आलात, मी चालू असलो आणि माझ्यातून कुणी बोलत नसलं, तर लगेच मला उघडायला पेचकस शोधू नका. माझ्या डोक्यावर थापटी मारू नका. जरा उभे राहा. बाई सांगायलीय.