बाहेरच्या खोलीतला सामना

रिमोटवरचं आवाजाचं बटण नवऱ्याच्या अंगठ्यानं झिजून गुळगुळीत झालेलं... वाढवायचं कुठलं आणि कमी करायचं कुठलं तेच तिला कळेना, म्हणून तिनं रिमोट वेल्डरच्या हातात दिला. वरच्या मजल्यावरचा हा वेल्डर आणि त्याचे चार मित्र, सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, नवरा गेल्यापासून आज पहिल्यांदाच फुटबॉल बघायला आले होते. तिनंच बोलावलं होतं – जिन्यात गाठून, जरा जास्तच आग्रहानं.

तो असताना रविवारी दुपारी ही खोली दणाणून जायची. सत्तरीला टेकलेला माणूस, पण ही पोरं त्याला 'कॅप्टन' म्हणायची, अरेतुरे करायची, गोल हुकला की शिव्या हासडायची – आणि तो त्यांच्यापेक्षा एक जास्तच. ती आत कप विसळत वैतागायची... आणि आता तीन महिने त्या वैतागावाचून रविवार जाता जात नव्हता.

आज ती त्याच्या खुर्चीत बसली होती. पोरं मात्र गुडघे जुळवून, परक्या घरी बसावं तशी. चेंडू खांबाला लागून परतला. एकाच्या तोंडून अर्धा शब्द निसटला, तसं वेल्डरनं त्याला कोपरानं ढोसलं.

"हळू. काकू आहेत."

"असू दे रे," ती म्हणाली. पण तेही काकूसारखंच निघालं... वयानं तर नवराच आपल्याहून सहा वर्षांनी मोठा; मग तो यांच्यात कुठून शिरला होता, आणि मी कुठून शिरू?

कपांचं निमित्त करून ती उठली. आत जाऊन तिनं नळ पूर्ण सोडला – आपल्याला काही ऐकू येत नाही असं त्यांना वाटावं म्हणून. थोडा वेळ नुसतं पाणीच. मग एकदम आरोळी उठली, टेबल सरकलं, कोणीतरी मनसोक्त शिवी दिली, सगळे हसले. घर भरलं. हेच तर हवं होतं तिला... आणि मग लक्षात आलं, बावीस वर्षं हा आवाज – आधी दुसऱ्या पोरांचा, मग यांचा – तिनं इथूनच ऐकला होता, याच भिंतीआडून. 'ये, बस' असं तो एकदाही म्हणाला नव्हता, आणि तीही कधी गेली नव्हती.

गोल कोणाचा, हे विचारायला दोन पावलं पुरे होती. पण तिला राग आला होता – त्याचा, तो नसताना, पहिल्यांदाच – आणि तो राग तिला सोडवेना.