कानस नदीवर गेली, मी खुंटीवर राहिले

मी सुरी बोलतेय, रिसोडच्या गुलाम नबी खोगीरवाल्याची. दुकानाच्या दाराशी खुंटीला टांगलेली असते. येणाऱ्या-जाणाऱ्याचं सगळं कानावर पडतं, आणि खरं सांगते, मला ते आवडतंही.

मोटारीच्या मोडक्या पाट्यातून लोहाराने मला घडवलं. वीस वर्षं चामडं, खोगिराखालचा लोकरीचा नमदा, सगळं मीच कापलं. मालक दुसऱ्या कुणाला हात लावत नसत.

मग पंचावन्नच्या श्रावणात रामधन आला. तो पैनगंगेवर डोंगा चालवायचा. झाडावरून पडून कमरेचं हाड मोडलं, ते वाकडंच जुळलं. लाकडावर बसला की दुखायचं, अंग एका बाजूला जायचं, आणि डोंगाही कलायचा. बाजाराच्या दिवशी सरळ बसून दाखव, नाहीतर डोंगा दुसऱ्याला, त्या सेवालालला देऊ, असं गावाने त्याला बजावलं होतं.

मालकांकडे लढाईतल्या मोटारीच्या सीटचा रबरी स्पंज होता. एकच तुकडा. त्याचीच रामधनला बसायला गादी करायची ठरली, दुखऱ्या हाडाखाली खळगा ठेवून. माप घ्यायची त्यांच्या बापाची रीत अशी, की गिऱ्हाइकाला ओल्या राखेवर बसवायचं. हाड रुततं तिथे खळगा पडतो. तसं रामधनला बसवलं.

कोरडा स्पंज पात्याला चिकटतो, म्हणून मला घडीघडी रिठ्याच्या पाण्यात बुडवून कापलं. चारी कडा अशा आल्या की मालकांची बायको मेहरबी बघतच राहिली.

पण खळगा खरवडायला मालकांनी नालबंदाकडून जुनी कानस आणली. जन्मभर घोड्यांचे खूर घासलेली ती. तिच्यावरून हात फिरवत म्हणाले, "हिचं काम लय बारीक हाय." वीस वर्षांत मला कधी असं म्हणाले नाहीत.

संध्याकाळी रामधन गादी घेऊन परत आला. उंबऱ्यावर टेकला आणि हळूच म्हणाला, "नबीभाई, डोंगा कलतेच. उद्या माह्या जागी सेवालाल बसन."

मेहरबीने त्याला डोंग्यात बसतो तसं बसून दाखवायला सांगितलं. त्याने दुखरा पाय लांब केला. राखेवर मात्र तो मांडी घालून बसला होता. खळगा भलत्याच जागी पडला होता.

"अवो, डोंग्यात काय थो जेवाले बसते?" मेहरबी मालकांना म्हणाली. "नदीवरच नेऊन मापा त्याले."

पहाटे मालक निघाले. हात खुंटीकडे आला. मी तयारच होते. त्यांनी शेजारची कानस उचलली. मनात आलं, मोडू दे मेलीचे दात.

बाजार उठल्यावर ते आले. डोंग्यातच माप घेऊन खळगा नीट जागी घासला, आणि रामधनने नऊ खेपा केल्या, ताठ बसून. ऐकून मेहरबीने पदर डोळ्यांना लावला. मलाही बरं वाटलं, नाही असं नाही. पण माझं सगळं लक्ष मालकांच्या रिकाम्या हाताकडे.

"कानस रामधनलेच ठेवून देली," ते म्हणाले. "हाड टोचलं की घासून घेईन थो."

म्हणजे ती आता रोज नदीवर. मी पैनगंगा अजून पाहिलेली नाही.

तुम्ही कधी त्या डोंग्यातून गेलात, तर रामधनच्या गादीवरून हात फिरवा. खळग्याचं कौतुक करालच, सगळे करतात. पण कडा कोणी कापल्या, तेवढं मोठ्याने विचारा. कानशीच्या देखत.