दुपारी तीनचा हिरवा ठिपका

मित्रांनो, तुमच्यासमोर बोलायला बसलोय तो मी एक जुना माइक आहे. रंग उडालेला, मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेला. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे बोलणे पुढे पोचवले. स्वतःचे असे काही सांगण्याची ही पहिलीच वेळ, तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या. आणखी एक गोष्ट आधीच सांगतो. मला डोळे नाहीत. माझ्या जाळीमागे एक पातळ पडदा आहे, तो आवाजाने थरथरतो, आणि तेवढेच माझे जग. पुढे जे सांगणार आहे ते सगळे ऐकलेले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका बाईने मला तोंडाशी धरून "एक, दोन, तीन" म्हटले आणि पुढच्या खोक्यात टाकले. मग अकरा वर्षे मी एका बसस्थानकात होतो. गाड्या उशिरा येत आणि शिव्या मला बसत. एक दिवस मी टेबलावरून पडलो, आतली तार तुटली, आणि माझी रवानगी भंगारवाल्याकडे झाली. तिथे गंजलेले पंखे आणि फुटक्या रेडिओंखाली मी किती दिवस होतो कोण जाणे. मुका माइक म्हणजे काय, हे तेव्हा कळले.

तिथून मला उचलले ते घड्याळजीने. हा घड्याळे दुरुस्त करणारा माणूस. चाळिशीचा, एकटा, आईबरोबर राहणारा. त्याचा आवाज इतका हलका की ऐकणारा आपोआप पुढे झुके. त्याने बारीक चिमट्याने माझी तार ओढली, डाख दिला, मानेला चिकटपट्टी गुंडाळली आणि जाळीवर हळूच फुंकर मारली. ती फुंकर हा माझ्या दुसऱ्या जन्मातला पहिला आवाज.

त्याने मला आपल्या मित्राला भेट दिले. मित्र कवळ्या बनवणारा. दंतवैद्य तोंडांची मापे पाठवत आणि हा दात घडवत बसे. घड्याळजी त्याला 'दात्या' म्हणे. दात्याचा आवाज म्हणजे रिकामे पिंप. दोघांचे कशातच पटत नसे, फक्त एका गोष्टीत पटे: व्हिडिओ गेम. लहानपणापासून दोघे खेळत आले होते. आता दर रविवारी दुपारी दात्याच्या मागच्या खोलीत, प्लॅस्टरच्या भुकटीत, मला मध्ये ठेवून ते नव्या-जुन्या खेळांवर बोलत आणि ते बोलणे इंटरनेटवर टाकत. शेवटी दहापैकी मार्क.

मित्रांनो, ते दिवस काय सांगू! दात्या आरडाओरडा करी, "अरे, काय तो राक्षस, काय ती लढाई, दहापैकी दहा!" मग घड्याळजी शांतपणे म्हणे, "त्या किल्ल्यातलं घड्याळ साडेचार दाखवतंय आणि सावली भर दुपारची पडलीय. अर्धा मार्क कापा."

"राक्षस आग ओकतोय आणि तू घड्याळ बघतोस?"

"राक्षस सगळेच बघतात."

ऐकणारे फार नव्हते, तीनेकशे असतील. पण एका परिचारिकेने लिहिले होते, की ड्यूटी संपल्यावर तुमचे भांडण ऐकल्याशिवाय मला घरी गेल्यासारखे वाटत नाही. ते पत्र दात्याच्या बायकोने मोठ्याने वाचून दाखवले. तिला घड्याळजी 'वहिनी' म्हणे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. पत्राच्या खाली लिहिले होते, 'आवाज फार स्वच्छ येतो.' तो माझा मान होता.

त्यांचे एक भांडण मात्र जुने होते. घड्याळजीला खेळांतल्या पात्रांच्या बाहुल्या जमवायचा नाद होता. छोटे योद्धे, रोबो, पंख असलेले कोल्हे. त्याच्याकडे अशा एक्केचाळीस होत्या आणि एकही त्याने डब्यातून बाहेर काढलेली नव्हती. "डबा उघडला की ती साधी बाहुली होते," तो म्हणे. दात्या म्हणे, "खेळणं आहे ते, खेळायला नको? बंदच ठेवायचं तर मग घेतोस कशाला?"

असेच चालले असते. पण एका रविवारी एक नवा खेळ मध्ये आला. त्या खेळात लढाई नव्हती. नदीकाठी एक मोकळी जागा मिळे, तिथे आपण घरे बांधायची, झाडे लावायची, पाणी घालायचे. सगळे इंटरनेटवर, म्हणजे मित्र आपल्या गावात येऊन फिरू शकत. दात्या त्यावर लट्टू झाला. नऊ मार्क दिले त्याने. घड्याळजी म्हणाला, "साडेतीन. हा खेळ नाही, घरकाम आहे. संपत नाही, जिंकता येत नाही."

दात्याला काय झाले कुणास ठाऊक. तो एकदम म्हणाला, "तुला जिवंत काही आवडतच नाही रे. तुला सगळं डब्यात बंद लागतं. लग्न नाही, मित्र नाहीत, बाहुल्या आणि बंद पडलेली घड्याळं. तू स्वतःच डब्यात बसलायस."

मी ते सगळे जसेच्या तसे टिपले. त्यानंतरची शांतताही टिपली. मग खुर्ची सरकली आणि घड्याळजी माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "बंद कर हे." त्याचे माझ्यासमोरचे ते शेवटचे शब्द.

दात्याने ते भांडण कापले नाही. 'असू दे, लोकांना मजा येईल' म्हणून तसेच टाकले. वहिनी म्हणाली, "आधी त्याला फोन करा." तो म्हणाला, "करीन." नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी एक गिऱ्हाईक आपले घड्याळ न्यायला दुकानात गेले. घड्याळजी मेजावर डोके टेकून बसला होता. गिऱ्हाइकाला वाटले, झोप लागली असेल. हृदय थांबले होते.

त्यानंतरचे रविवार मला आठवले तरी पडदा गार पडतो. दात्या एकटाच बसे. खेळाबद्दल दोन वाक्ये बोले, मग म्हणे, "तुझं काय म्हणणं?" आणि थांबे. बरोबर तेवढाच थांबे, जेवढा वेळ घड्याळजी बोलायला घेई. त्या मोकळ्या जागेत मी काय टिपणार? भिंतीपलीकडचा नळ. दात्याचा श्वास. मग तो म्हणे, "हो, ते बरोबर आहे," आणि पुढे जाई. वहिनीने एकदा ते ऐकले. ती आत आली, काही न बोलता तिने माझ्यावर फडका टाकला आणि मला कपाटात ठेवले.

कपाटात मी दोन महिने होतो. एक दिवस दुपारी दार उघडले आणि दात्याचा आवाज आला, पण तो आवाज पिंपातला नव्हता.

"जरा इकडे ये," तो वहिनीला म्हणत होता. "हे बघ. त्याचं नाव. त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तो आत्ता खेळतोय. तोच खेळ. नदीकाठचा."

वहिनी म्हणाली, "मशीन बिघडलं असेल."

"कालही होता. परवाही. दुपारी तीनला लागतो, साडेचारला जातो."

त्याला वाटले कुणीतरी नाव चोरले. त्याने निरोप पाठवायचे ठरवले. बटणांचा आवाज मी ऐकला. 'कोण आहे?' एवढेच त्याने लिहिले. पाच मिनिटे गेली, दहा गेली. मग एक बारीकशी टिंग वाजली. दात्याने उत्तर मोठ्याने वाचले. एकच अक्षर होते.

"मी."

वहिनीच्या हातातली वाटी खाली पडून फिरत राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघे घड्याळजीच्या घरी गेले. दात्याने मला पिशवीत घातले होते. "त्याने दिलेली वस्तू आहे, काकूंकडे असू दे, माझ्याच्यानं आता बघवत नाही," असे तो वाटेत म्हणाला. दार घड्याळजीच्या आईने, म्हणजे काकूंनीच, उघडले. आतून मला एक ओळखीचा आवाज आला. खेळातल्या नदीचा.

"ये रे," काकू म्हणाल्या. "काल तूच विचारलंस ना, कोण आहे म्हणून? दार वाजवलं की काय म्हणतात? मी. तेच लिहिलं. एक अक्षर शोधायला दहा मिनिटं गेली बघ."

दात्या खुर्चीत बसला. खुर्ची बिचारी करकरली.

काकूंनी सगळे सांगितले. एक दिवस त्या मुलाच्या खोलीत धूळ पुसत होत्या. फडक्याने कुठलेतरी बटण दाबले गेले, पडदा उजळला आणि त्यावर एक माणूस उभा. त्याचीच टोपी, त्याच्यासारखाच थोडा वाकलेला. दुसरे बटण दाबले तसा तो चालायला लागला. "पाठमोरा," त्या म्हणाल्या. "दुकानात निघायचा तेव्हा मी दारात उभी राहायचे, कोपऱ्यापर्यंत त्याची पाठच दिसायची. अगदी तशी." मग त्या रोज जेवण आवरून तीनला बसू लागल्या. झाडांना पाणी घालायचे, पुलावरून जाऊन यायचे.

"पण त्याला तर हा खेळ आवडला नव्हता," दात्या म्हणाला.

"तुमचं भांडण झालं त्या दिवशी घरी आला, आणि तेव्हापासून रोज हेच. दुकानातून आला की बसायचा."

"तुम्ही ऐकलंत ते भांडण?"

"तुमचं सगळंच ऐकते मी. एकटीनं भाजी निवडताना दुसरं काय करणार?"

दात्याला पुढचे विचारायचे होते, त्याआधीच काकूंनी उत्तर दिले. "म्हणाला, दात्या बोलला ते खोटं नव्हतं. पण माइकसमोर बोलायला नको होतं."

मित्रांनो, त्या वेळी मी पिशवीत होतो, हे बरे झाले.

मग वहिनी खिडकीपाशी गेली आणि "अगंबाई, सगळ्या बाहुल्या!" म्हणाली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बाहुल्या डब्यांतून काढून खिडकीत मांडलेल्या होत्या. काकू म्हणाल्या, "किती वर्षं कोंडलेले बिचारे. मीच काढले. तुला तर उघडेच आवडायचे ना रे?" दात्याने वर्षानुवर्षे जे मागितले होते ते समोर होते. तो हलक्या आवाजात म्हणाला, "डबे कुठायत, काकू? टाकले नाहीत ना?" डबे सपाट करून पलंगाखाली ठेवलेले होते. तेवढे ऐकल्यावर त्याचा श्वास पुन्हा नीट चालू झाला.

"आणि इथे एक पाटी आहे," काकू पडद्याजवळ जात म्हणाल्या. "पुलापलीकडे त्यानं दुसरं घर बांधलंय. बारीक अक्षर मला लागत नाही. वाच बरं."

दात्याने वाचले. "इथे कवळ्या बसवून मिळतील. मालक तापट आहे."

तो हसला. ते हसू मध्येच फुटले आणि मग किती तरी वेळ मला फक्त त्याचे रडणे ऐकू येत होते. मागे नदी वाहतच होती.

त्या दिवशी मी तिथेच राहिलो, आणि दात्या-वहिनी दर रविवारी येऊ लागले. दात्या आपल्या घरातून आणलेल्या यंत्रावर त्याच गावात शिरे, आणि काकूंचा पाठमोरा माणूस व त्याचा जाडजूड माणूस पुलावरून बरोबर चालत. काही महिने असे गेले. मग खेळ बनवणाऱ्यांची सूचना आली. खेळणारे कमी झाले होते. अमुक तारखेला, दुपारी चार वाजता, सगळे कायमचे बंद. घरे, झाडे, पूल, काहीच उरणार नव्हते. दात्याने त्यांना तीन पत्रे लिहिली. तिन्हींना एकच छापील उत्तर आले.

त्या शेवटच्या दुपारी दात्याने मला पुसले, तार तपासली आणि स्पीकरपाशी ठेवले. "आज कुणी बोलायचं नाही," तो म्हणाला. "गाव बोलेल, हा ऐकेल."

मी जन्मभरात इतके जीव ओतून ऐकले नव्हते. पाण्याचा खळखळाट. पुलाच्या फळ्यांवर दोन माणसांची पावले, एक हलके, एक जड. कुठेतरी एक पक्षी, तो दर चाळीस सेकंदांनी तसाच ओरडे. चारला पाच मिनिटे असताना दात्याला राहवले नाही. तो म्हणाला, "काकू, हे बटण फिरवलं ना, की तो वळतो. त्याचा चेहरा दिसतो. तुम्ही कधी बघितलाच नाहीत."

काकू म्हणाल्या, "नको. चेहरा मला पाठ आहे."

मग नदी थांबली. विझत गेली नाही, एकदम थांबली. खोलीत फक्त बटणाचा आवाज राहिला, टक, टक, टक. काळ्या पडद्यासमोर काकूंचा अंगठा अजून त्याला चालवत होता. त्यांना थांबा असे कुणी म्हटले नाही.

आता मी काकूंच्या खिडकीत असतो. माझ्यात खरखर भरली आहे, आणि नव्या माइकपुढे माझा निभाव लागणार नाही. माझी एकच विनवणी आहे. जुन्या वस्तू जपा असे सगळेच सांगतात, तुम्ही त्या जपालही. पण जी माणसे तुमच्याशी भांडतात त्यांचे आवाज आहेत तोवर ऐकून घ्या, आणि फोन करायचा असेल तर नऊ दिवस थांबू नका. मी ठेवलेला आवाज परत ऐकता येतो, पण त्याला उत्तर देता येत नाही.

ती शेवटची ध्वनिफीत काकू दुपारी लावतात. दात्याने आणि वहिनीनेही ती खूपदा ऐकली आहे. पण नदी थांबायच्या अगदी आधी, पक्ष्याच्या आवाजाखाली, काकू ओठांतल्या ओठांत काही म्हणाल्या होत्या. ते अजून कुणाच्या कानी पडलेले नाही. मला मात्र ते स्वच्छ ऐकू आले होते.

"जाताना दार ओढून घे रे."