बळीरामदादाचा पाय

देवरावाला लकवा मारला आणि सारं डावं अंग गेलं. कुहीहून नागपूरच्या दवाखान्यात आणलं, आणि आठवडाही पुरा झाला नाही तोच तिथल्यांनी त्याला उभं केलं. सुरुवातीचेच दिवस मोलाचे, पाय आत्ता शिकला तर शिकला, असं उन्नती मॅडमचं म्हणणं. ही फिजिओथेरपिस्ट पोरगी लेकीच्या वयाची, पण हट्टाला पक्की. सकाळ-संध्याकाळ कमरेला पट्टा बांधून त्याला दोन दांड्यांमधून चालवायची. आजारी माणसाला कोणी असं राबवतं का, असं शामलाला वाटे. पण नवरा चालताना बघायचा होता, म्हणून ती अडवत नसे.

देवराव मात्र भलतंच बोलायला लागला.

"हा पाय माहा नाही. दादाचा हाय."

दादा म्हणजे थोरला भाऊ बळीराम. त्याला जाऊन वर्षं लोटली होती.

"मेंदूला मार बसला की असं होतं, काकू," उन्नती म्हणाली. "आपलंच अंग परक्याचं वाटतं. जाईल हळूहळू."

शामलाने मान डोलावली. मग पाय चालायला लागला आणि तिच्या अंगावर काटा आला. आधी टाच, मग पाऊल बाहेर फाकवून, सावकाश. धानाच्या बांधावरून बळीराम असाच यायचा. त्याचा चेहरा तिला धड आठवत नव्हता. भासरे, म्हणजे थोरले दीर, समोर आले की पदर डोक्यावर आणि नजर खाली, दिसायचे ते पायच. त्यांच्याशी बोलायचं नाही, समोर उभं राहायचं नाही. तेही असे सभ्य, की ती वाटेत दिसली तर जागीच थांबत.

"काकू, समोर उभ्या राहा अन् बोलवा त्यांना," उन्नती म्हणाली.

शामला दांड्यांच्या टोकाशी उभी राहिली. पाय थांबला. उन्नतीने ढकलून पाहिलं, पण तो हलेना. शामला बाजूला झाली, पदर डोक्यावर घेतला, आणि पाय चालू लागला. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. थकले असतील, उन्नती म्हणाली.

शामलाला कळून चुकलं. नवरा गावभर हिंडेल आणि फक्त तिच्याकडे येणार नाही. मग तिला रागच आला. माणूस कितीही सभ्य असो, मेल्यावर त्याने दुसऱ्याच्या संसारात लुडबुड करू नये.

दुसऱ्या दिवशी ती समोर उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेही तिला ठाऊक नव्हतं.

"तुमचे लय उपकार झाले," ती त्या पायाकडे बघत म्हणाली. "आता सोडा तुमच्या भावाले. माह्याकडं येऊ द्या."

पाय थरथरला. फाकलेलं पाऊल हळूहळू सरळ झालं. मग गुडघ्यातून सारी ताकदच निघून गेली आणि देवराव तिच्या खांद्यावर कोसळला. उन्नतीने पट्टा धरला म्हणून दोघं वाचली.

देवरावाने उजव्या हाताने मांडी चाचपली, चिमटा काढला.

"माहाच हाय," तो म्हणाला.

शामलाने त्याला घट्ट धरलं. इतक्या दिवसांनी नवरा तिच्यापाशी आला होता आणि तिला फार बरं वाटलं.

त्याने मान वर केली. डोळे भरले होते.

"काहून बोलली वं तू त्याच्याशी? तो चालवून राहिला होता ना मले."