सुमनकाकूंची घाईची झांज

या, असे जवळ सरकून बसा. मोबाइल पालथा ठेवा. आमच्या उज्जैनची एक गोष्ट सांगायची आहे, ऊर भरून येईल अशी.

माधव नगरात जयूचा छोटा स्टुडिओ आहे. लग्नाचे, भजनाचे व्हिडिओ आले की त्यांचा आवाज ती स्वच्छ करून देते. या वेळी काम घरच्यासारखं होतं. आमचे कीर्तनकार भय्यासाहेब यांनी केलेलं शेवटचं कीर्तन. झांजेवर त्यांच्या पत्नी सुमनकाकू. काकू जाऊन वर्ष होत होतं, आणि त्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या हॉलमध्ये ते पडद्यावर दाखवायचं होतं. जयू लहानपणी काकूंच्याच मांडीला टेकून कीर्तनं ऐकत वाढलेली. यात काही उणं राहिलं असतं तर ते तिला जन्मभर खुपलं असतं.

म्हणून तिने जीव ओतला. पंख्याची घरघर काढली, टेम्पोचा हॉर्न काढला. झांजेला वेगळा माईक होता. काकूंची झांज सारखी तालाच्या किंचित आधी पडत होती. वयच झालं होतं, असं म्हणत जयूने तीन दिवस बसून एकेक ठोका ओढून तालावर आणला.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी भय्यासाहेब ऐकायला आले, सोबत मंडळाचे विलासभाऊ.

"क्या बात है! एकदम मक्खन!" विलासभाऊ म्हणाले.

भय्यासाहेबांनी हेडफोन काढला. "जयू, झांज कोण वाजवतंय गं?"

"काकूच की, काका."

"छे! सुमन एवढी शहाणी कधी झाली?" ते हसले, पण डोळे भरले होते. "अगं, माझा दम पुरेनासा झाला, तेव्हापासून ती झांज आधी टाकायची. ती खूण होती, अहो, श्वास घ्या आता. लोक म्हणायचे, काकूंचा ताल गेला. ती गुपचूप ऐकून घ्यायची, पण माझं गुपित फोडलं नाही."

जयूची कानशिलं तापली. तीही त्या लोकांतलीच निघाली होती.

"अब टाइम कहाँ है?" विलासभाऊ म्हणाले. "राहू दे ना, कोणाला कळतंय?"

"काकांना कळलं ना!" जयूने खुर्ची पुढे ओढली. मूळ रेकॉर्डिंग ती कधी पुसत नसे. पण त्यात पंखा आणि टेम्पो तसेच होते. ती पहिल्यापासून बसली. गोंगाट तेवढा काढला, झांजेच्या वेळेला बोट लावलं नाही. जेवणाचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी पडद्यावर झांज पडली, तालाच्या आधी. पहिल्या रांगेत भय्यासाहेबांची छाती श्वासाने भरली. पुन्हा झांज, पुन्हा श्वास. सगळं कीर्तन ते असे तिच्यासोबत बसले.

शेवटी ते उठले आणि बसक्या आवाजात काकूंचं गुपित साऱ्या सभेला सांगून टाकलं. मग जयूचा हात धरून म्हणाले, "आणि ही आमची जयू. सुमनची घाई हिने जशीच्या तशी सांभाळली. अशी पोर आपल्या गावात आहे, याचा मला अभिमान आहे."

"आपलीच बिटिया आहे, भई!" विलासभाऊंनीच सगळ्यात आधी टाळी वाजवली.

तेव्हा मंडळी, कुठे कीर्तनाला बसलात आणि झांज जरा आधी पडली, तर हसू नका. हात जोडा, आणि आमच्या सुमनकाकूंची आठवण काढा.